बस्ता बांधून मिळतो, रोजचा कुर्ता मिळत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दिवाळी आली, पाडवा आला, लग्नसराई आली की तुमच्या पेपरात कापड दुकानांच्या पानभर जाहिराती येतात, नटलेली नवरी, पैठणी, काठपदर, एकावर एक फ्री. आणि रविवारच्या पुरवणीत कुठला कुर्ता कशावर घालायचा, ऑफिसला कॉटन पॅन्ट कशी शोभते वगैरे माहिती येते. दोन्ही मी आवडीने वाचते. पण ह्या दोन्हीच्या मधे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावच्या बायका जिथे अडकल्यात त्याबद्दल कधी काही छापून येत नाही म्हणून हे पत्र, जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहायला मंगळवेढ्यात. आमच्याकडे दुकानं नाहीत अशी तक्रार नाहीच मुळी. दुकानं भरपूर आहेत, दर वर्षी नवीन एखादं एसीवालं उघडतं, उद्घाटनाला आमदार येतात. पण सगळी दुकानं मांडलेली आहेत बस्त्यासाठी. आत गेलात की गादी, गादीवर पांढरी चादर, लग्नघरची पंधरा-वीस माणसं, चहा, मग नवरीचा शालू, करवलीची साडी, मानपानाच्या साड्या, आहेराच्या साड्या (ज्या कुणी नेसत नाही, नुसत्या ह्या घरातून त्या घरात फिरतात). मालकाचा वर्षाचा धंदा त्या दिवसांत होतो, त्यामुळे बाई दुकानात आली म्हणजे कुणाचं तरी लग्न, डोहाळजेवण, बारसं नाहीतर सण असणार हे धरूनच माल भरलेला असतो. बाईला सोमवारी कामावर जायचंय, ग्राउंडवर पळायचंय, बाळाला पाजायचंय, तिचं वजन वाढलंय, मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात तिला घाम येतो, ह्यासाठी जे कपडे लागतात ते सगळे "मागवून देतो मॅडम" ह्या खात्यात जमा.

ह्याला मॅचिंग सेंटर तेवढं अपवाद. तिथे नुसत्या लाल रंगाच्या इतक्या छटा असतात की बघतच राहावं, आणि दुकानदार तुमच्या साडीचा पदर घेऊन बाहेर उन्हात येतो, दोन तागे लावून बघतो, "हा नाही, हा जरा राणीकडं जातोय" म्हणून तिसरा काढतो. दहा मिनिटं देतो तो माणूस शे-दीडशे रुपयाच्या ब्लाऊजपीसला! म्हणजे बायकांना काय पाहिजे ते नीट ऐकून माल ठेवणं आपल्या व्यापाऱ्यांना जमत नाही असं नाही, साडीच्या पुढे कुणी जात नाही एवढंच.

आता आमच्या शिक्षकांचंच घ्या. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या, बायकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, पुरुषांनी शर्ट इन करून पॅन्ट, आणि गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षीकाम नको, प्रिंट नको. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सरकारी ऑफिसातल्या लोकांना सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा शुक्रवारी खादी घाला. मला त्या सूचनांशी भांडण करायचं नाही (म्हणजे करायचंय पण ते वेगळं पत्र होईल). माझं म्हणणं एवढंच की आमच्या शाळेतल्या सरांनी सूचना वाचली आणि संध्याकाळी बाजारात जाऊन फिक्या रंगाचे दोन शर्ट आणि काळी पॅन्ट घेऊन आले, विषय संपला. कॉलर ३८, ४०, ४२, ४४ सगळं मिळतं, पॅन्टची उंची तिथल्या तिथे मारून मिळते. मी फिका, बिननक्षीचा, सुती कुर्ता मागायला गेले तर माझ्यासमोर काय काय टाकलं सांगते. एकाच्या छातीवर आरसे. एकावर सोनेरी छापा, हात लावला की बोटाला चमक. एकाला पाठीमागे लटकन, खुर्चीत टेकून बसलं की टोचणार. एक खरंच साधा होता, मला आनंद झाला, उलगडून बघितला तर बाहीपासून कोपरापर्यंत जाळी. मी म्हटलं, दादा शाळेत घालायचाय. तर म्हणे "प्लेन पडून राहतं हो मॅडम, लेडीजला जरा भरलेलं लागतं." कुठल्या लेडीजला? मी समोर उभी आहे ना, मला विचारा की.

आणि माप. कुर्त्यात साधारण एम म्हणजे छाती ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४ असं धरतात. कागदावर. प्रत्यक्षात एका कंपनीचा डबल एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा निघतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या, दोन बाळंतपणं झालेल्या बाईला छातीत बसलं तर दंडात बसत नाही, दंडात बसलं तर पोटावर ताणतं. मग ठरलेलं उत्तर, "स्ट्रेच हाय मॅडम, धुतल्यावर सैल होतंय" किंवा "फ्री साइज हाय, सगळ्यांना बसतं". सगळ्यांना म्हणजे त्या दारातल्या प्लास्टिकच्या पुतळीला. तिलासुद्धा मागून टाचण्या लावलेल्या असतात, वळून बघा कधीतरी.

मी एका ओळखीच्या दुकानदाराला शांतपणे विचारलं की तुम्ही मोठी मापं आणतच का नाही. त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. माल सुरतेहून येतो, थोडा अहमदाबाद आणि उल्हासनगरहून, आणि होलसेलला सुटा पीस देत नाहीत, सेट घ्यावा लागतो, एम-एल-एक्सएल-डबल एक्सएल एक-एक, सेट फोडून मिळत नाही. थ्री एक्सएल, फोर एक्सएल वेगळं, भाव जास्त, पुन्हा त्यात डिझाइन कमी. त्यांचं एम पटकन खपतं कारण कॉलेजच्या पोरी घेतात, मोठी मापं उशिरा खपतात, आणि एका रंगाचे चार पीस पडून राहिले की नफा त्यातच गेला. बरं. पण उशिरा खपतात त्याचं कारण काय? आमच्या मापाचं मिळत नाही हे माहिती असल्यामुळे आम्ही विचारायलाच जात नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून ते आणत नाहीत. हे चक्र त्यांनीच तोडायला पाहिजे कारण गल्ला त्यांच्याकडे आहे.

छोट्या गावच्या दुकानदाराची एक गोष्ट मात्र शहरात मिळणार नाही, ती पण लिहिते नाहीतर अन्याय होईल. पसंतीला म्हणून तो चार-पाच पीस पिशवीत घालून घरी देतो, पैसे न घेता, वहीत नाव लिहून. "घरी घालून बघा, नाही आवडलं तर उद्या आणून द्या." हा विश्वास मोठा आहे. पण हे कुणाला, तर ज्यांचं घर, सासरे, दुकान त्याला माहिती आहे त्यांना. भाड्याने राहणारी नर्स, बदलीवर आलेली तलाठी, वस्तीवरून बाजाराच्या दिवशी येणारी बाई, मजूर बाई, हिला कोण पसंतीला देतं? तिने दुकानातच घालून बघायचं म्हटलं तर जागा नाही. ट्रायल रूम कुठे विचारलं की मालक नोकराकडे बघतो, नोकर गोदामाकडे बघतो, मग खोक्यांच्या मागे, अर्धवट पडदा, आरसा बाहेर, म्हणजे नवीन कुर्ता घालून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर यायचं आणि मग बघायचं. खिळा नाही, आपले कपडे ठेवायचे कुठे, खोक्यावर. आणि मोबाइलच्या जमान्यात त्या अर्धवट पडद्यामागे कपडे काढायची कुणाची छाती होईल? बहुतेक जणी अंगावरच्या ड्रेसवरूनच नवीन लावून बघतात आणि अंदाजाने घेतात.

आतल्या कपड्यांबद्दल लिहू का नको असा विचार केला, पण लिहिते, छापायचं का नाही तुम्ही ठरवा. काउंटरवर पुरुष, शेजारी त्याचा मुलगा, मागे वडील, आणि बाई दबक्या आवाजात आकडा सांगते, चौतीस, छत्तीस. कपचं माप असतं हे इथे कुणी विचारतही नाही, ठेवतही नाही. नजरेने बघून डबा काढतात, तेही एक वेगळंच. कापडी नाहीतर काळ्या पिशवीत गुंडाळून देतात, जणू काही चोरीचा माल. परत करता येत नाही, घालून बघता येत नाही, माप चुकलं तर पट्टा खांद्यात रुतलेला घेऊन वर्ष काढायचं. त्यापेक्षा आठवडी बाजारात बऱ्याच ठिकाणी ढीग लावून बायका विकायला बसतात तिथे बरं वाटतं, निदान मोकळेपणाने बोलता येतं, पण तिथे ऊन-धूळ आणि माल कसा ते सगळ्यांना माहितीये. सौदी अरेबियाने २०१२ पासून अशा दुकानांत विक्रीला बायकाच पाहिजेत असा नियम लावला म्हणे, आपल्याकडे नियमाची पण गरज नाही, एक मुलगी कामाला ठेवायचीय. आमच्या गावात बारावी, बीए झालेल्या मुली घरी बसून आहेत.

ह्यात सगळ्यात वाईट वाटतं ते सहावी-सातवीच्या पोरींचं. मी रोज बघते. अंगात बदल व्हायला लागला की पोरगी वाकून चालायला लागते, दप्तर पाठीवरनं पुढे घेते, खो-खोत पहिली पळणारी पोर एकदम पंचांच्या शेजारी जाऊन बसते, "बाई पोटात दुखतंय". पोटात नसतं दुखत. आईला विचारलं तर आई म्हणते एवढ्या लवकर काय, शमीज आहे की. आईला दुकानात जाऊन मागायची लाज, दुकानदाराकडे त्या वयाचं माप नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या मुलींनी जिंकला, कॅप्टन प्रियांका इंगळे महाराष्ट्राची, आम्ही शाळेत टाळ्या वाजवल्या, पोस्टर केलं. आणि आमच्या खो-खोवाल्या पोरींना अंगाला नीट बसणारं, पळताना त्रास होणार नाही असं काही तालुक्याच्या गावात विकत मिळत नाही.

तसंच पोलीस भरतीवाल्या मुलींचं. पहाटे पाचला ग्राउंडवर जा, दिसतील. भरतीला मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो, सेकंदावर मार्क जातात. मुलं शॉर्ट, स्पोर्ट्स टीशर्ट, सगळं गावातून घेतात. मुली भावाची ट्रॅकपॅन्ट दुमडून घालतात नाहीतर जेंट्सच्या रॅकमधून सगळ्यात लहान माप घेतात, ते कमरेत मोठं, मांडीत घट्ट. स्पोर्ट्स ब्रा मागितली तर एका पोरीला दुकानदार म्हणाला "तसलं पुण्याला मिळतं". दोन-दोन साध्या एकावर एक घालून पळतात त्या, मला त्यांनीच सांगितलं. राज्याच्या नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के आरक्षण आहे, त्या जागेपर्यंत पळत जायला लागणारा कपडा मात्र पुण्याला.

आणि दुसऱ्या टोकाला आमच्या सासूबाई. त्या नऊवारी नेसतात, रोजची, सुती. आमच्या भागात इरकल चालतं, कर्नाटकाची हद्द जवळ. पूर्वी लुगडी मिळायची ढिगाने. आता दुकानात नऊवारी विचारली की शिवलेली काढतात, चेन लावलेली, चमकीची, पॅन्टसारखी पाय घालायची, लग्नात फोटो काढायला आणि गणपतीत ढोल वाजवायला. ७८ वर्षांच्या बाईने ती घालून भाकरी थापायची का? साधं सुती लुगडं मागवून घ्यावं लागतं, आणि खणाची चोळी शिवणारी म्हातारी गेल्यापासून त्या चोळीचाही प्रश्नच आहे. म्हणजे बघा, तरुण पोरीला आधुनिक मिळत नाही आणि म्हातारीला जुनं मिळत नाही.

ह्यावर लोक दोन उपाय सांगतात. एक, सोलापूर-पंढरपूरला जा, आता तर एसटी अर्ध्या तिकिटात आहे. १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं हे खरंय आणि त्याचा आम्हाला फायदा झाला हेही खरंय, पैसे वाचतात. रविवार वाचत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला रविवार म्हणजे दळण, धुणं, मुलांचा अभ्यास, आणि त्यात एका कुर्त्यासाठी जिल्ह्याला जायचं तर घरातून विचारणा होतेच, "एवढं काय कपड्याचं, आहेत की कपाटभर". कपाटभर आहेत, खरंय, आहेराच्या साड्या.

दुसरा उपाय ऑनलाइन. मागवते मी, सगळ्याच मागवतात, तालुक्याच्या गावापर्यंत पार्सल नीट येतं. पण वस्तीवर, वाडीवर येत नाही, रस्त्याच्या हॉटेलवर नाहीतर किराणा दुकानात टाकून जातात, मग सगळ्या वाडीला कळतं अमक्याच्या सुनेचं पार्सल आलंय. फोटोत आकाशी, हातात मोरपंखी. माप चुकलं तर परत न्यायला येणारा आज येतो उद्या येतो, तोपर्यंत परत करायची तारीख निघून जाते. आणि ज्या बायकांच्या हातात स्वतःचा फोन नाही, ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, त्यांचं ऑनलाइन म्हणजे नवऱ्याची परवानगीच झाली की. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी ५ टक्के झाला, आधी हजारापर्यंतच होता, त्याच्याही जाहिराती वाचल्या. स्वस्त झालं ते चांगलंच, आधी अंगात तरी बसू दे.

शिवून घ्या म्हणाल तर लेडीज टेलर आहेत, चांगल्या आहेत, माझे बरेच कुर्ते आता शिवलेलेच आहेत. पण अडीच मीटर कापड, तीनशे-चारशे शिलाई, आणि लग्नसराईत त्या कुर्त्याला हातच लावत नाहीत, त्यांच्याकडे अस्तराचे ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट, फॉल-पिको ह्याचा डोंगर असतो. तिथेही बस्ताच आडवा येतो.

मला वाटतं मुळात आमचं माप कुणी घेतलेलंच नाही. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने आणि निफ्ट ह्या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइझ नावाचा मोठा सर्व्हे हाती घेतला, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची, भारतीय शरीराला धरून साइजचा तक्ता करायचा, कारण आपल्याकडचे तक्ते परदेशी मापांवरून उचललेले. कल्पना एकदम चांगली. पण मापं घ्यायला निवडली सहा शहरं, आपल्या बाजूला मुंबई. शेतात खुरपणाऱ्या, डोक्यावर पाणी आणणाऱ्या बाईचे खांदे-दंड आणि लोकलने ऑफिसला जाणाऱ्या बाईचे खांदे-दंड एकच असतात का? नसावेत असं मला तरी वाटतं, रोज दोन्ही तऱ्हेच्या बायका बघते मी. मापं न घेता शिवलं की काय होतं ते २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश योजनेत अख्ख्या राज्याने पाहिलं, कुणाला पोतं, कुणाला चिमटा, शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये गणवेश परत शाळा समितीकडे द्यावा लागला. त्यात शिवणाऱ्या बचतगटाच्या बायकांना दोष देऊ नका, त्यांना कापून आलेलं कापड जोडायचं होतं.

उलट त्याच बायकांकडून आमचं काम होईल. सोलापूर म्हणजे युनिफॉर्मचं गाव, देशभरातल्या शाळांचे गणवेश सोलापुरात शिवले जातात, कारखाने आहेत, कटिंग मास्टर आहेत, कापड आहे. एवढ्या जवळ असून आम्ही सुरतेच्या सेटची वाट बघतो. कुणी तिथे बायकांसाठी साधे सुती कुर्ते, खिसा असलेले (खिसा! आम्हालाही मोबाइल आणि खडू ठेवायला जागा लागते), ३६ पासून ५० पर्यंत, दंड जरा सैल धरून शिवले आणि तालुक्याच्या दुकानांना सुटे पीस दिले तर खपणार नाहीत असं मला कुणी पटवून द्यावं. शिक्षिका, नर्स, अंगणवाडीताई, बँकेतल्या, पंचायतीतल्या, एका तालुक्यात किती बायका रोज कामाला बाहेर पडतात ते एकदा स्टँडवर सकाळी नऊला उभं राहून बघा. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यावर यायला लागले तसे दुकानांनी 'लाडकी बहीण ऑफर'चे बोर्ड लावले, म्हणजे आमच्या हातात पैसा आहे हे त्यांना कळतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे, संपादक साहेब. तुमच्या जाहिरात विभागाला सांगून बघा, दुकानाच्या जाहिरातीत खाली एक ओळ छापायला लावा. कुठल्या मापापर्यंत लेडीज माल आहे, कडीची ट्रायल रूम आहे का, आणि काउंटरला बाई आहे का. नवरीच्या फोटोखाली तेवढी जागा आरामात निघेल. ज्याच्याकडे ह्या तिन्ही गोष्टी आहेत त्याच्याकडे आम्ही शेजारच्या तालुक्यातूनसुद्धा जाऊ, आणि आमच्या आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर फुकटात जाहिरात करू ते वेगळंच.

पत्र फार लांबलंय ह्याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं असेल तर सौदी अरेबिया आणि माझ्या सासूबाई कापा, सासूबाईंना मी सांगेन. सहावी-सातवीच्या पोरींचं आणि ट्रायल रूमच्या कडीचं तेवढं कापू नका.

आपली,
एक शिक्षिका
मंगळवेढा, जि. सोलापूर